पट्टी नसलेला खांदा

क्लेम हॅगर्टीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. खेळामुळे नाही, कामामुळे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो टॅनरी पॉइंटच्या चामड्याच्या कारखान्यात लागला आणि पाच वर्षं त्यानं ओली कातडी उजव्या खांद्यावरून वाहिली. ओलं कातडं नुसतं जड नसतं. ते ओघळतं, निसटतं, पाठीवरून खाली घसरत राहतं. ते पेलायचं तर मान आणि खांदा मिळून एकच हाड करावं लागतं. एकोणिसाव्या वर्षी तिथल्या रग्बी क्लबनं त्याला पुढच्या फळीत प्रॉप, म्हणजे रेटा देणारा गडी म्हणून घेतलं, ते ही मान बघून. पळण्यात तो मध्यमच होता. झेल तर दहातले तीन सोडायचा. पण चेंडू छातीशी धरून समोरच्या तीन माणसांत घुसणं, पडणं, उठणं आणि पुन्हा घुसणं, हे तो ऐंशी मिनिटं करू शकायचा. हे करणारे फार नसतात. दिसतात पुष्कळ, पण साठाव्या मिनिटाला मोजून बघावं.

खेळाच्या पैशावर घर चालावं असे ते दिवस नव्हते. सामन्याचे पैसे मिळायचे, जिंकलं तर थोडे जास्त. म्हणून क्लबच्या सेक्रेटरीनं नगरपालिकेत शब्द टाकला आणि क्लेम कचऱ्याच्या गाडीवर लागला. आमच्याकडे ही नोकरी खेळाडूंसाठीच असल्यासारखी होती. गाडी थांबत नाही. माणसानं रस्त्याच्या कडेनं धावायचं, फाटकापाशी ठेवलेलं पत्र्याचं पिंप खांद्यावर घ्यायचं, चालत्या गाडीत उलटं करायचं, परत ठेवायचं आणि पुढच्या फाटकाकडे सुटायचं. रस्त्याच्या एका बाजूला साडेतीनशे पिंपं. काम संपलं की सुट्टी. चालणारा माणूस दुपारपर्यंत चालत राहतो, धावणारा दहाला घरी असतो. त्र्याहत्तर साल उजाडेपर्यंत क्लेम बारा वर्षं धावला होता. दहा हंगाम पहिल्या संघात खेळला, आणि त्या दहा वर्षांत सोमवारी गाडीवर आला नाही असं दोनदाच झालं. एकदा बाप मेला तेव्हा, आणि एकदा जबडा तारेनं बांधला होता तेव्हा.

गाडी चालवायचा अ‍ॅथॉल ग्राईस. साठीचा, कोरडा माणूस. तोंडात शिट्टी असायची, त्यामुळे बोलणं कमी. गाडीवर वेगवेगळ्या क्लबांची माणसं असायची. रविवारी ज्याची फासळी मोडली, त्याच्या शेजारी सोमवारी उभं राहायचं. म्हणून अ‍ॅथॉलचा एकच नियम होता. गाडीवरचं गाडीवर. कोण लंगडतो, कोण खोकतो, कुणाच्या लघवीत रक्त आहे, हे गाडीवरून खाली उतरायचं नाही. बारा वर्षांत कुणी तो मोडला नव्हता.

एकोणसत्तर साली रस्त्याच्या डाव्या बाजूला लेनी झामिट आला. एकोणीस वर्षांचा, माल्टाहून आलेल्या घरातला. बापाचं भाजीचं दुकान होतं. तो विटभट्टीवाल्यांच्या क्लबात नवा होता. पहिल्या दिवशी क्लेमनं मासळीच्या दुकानाचं पिंप मुद्दाम त्याच्या बाजूला ठेवलं. त्या पिंपाच्या बुडाला भोक होतं. तीन दिवसांचं माशाचं पाणी लेनीच्या कानातून, मानेवरून, सदऱ्यात गेलं. पोरगा थांबला नाही. पिंप उलटं केलं, जागेवर ठेवलं, आणि पुढच्या फाटकापाशी जाऊन ओकला. ओकून झाल्यावर ते पिंपही उचललं. क्लेमनं अ‍ॅथॉलकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून त्यानं लेनीला शिकवायला घेतलं.

दुसऱ्या क्लबच्या पोराला का शिकवतोस, असं त्याला कुणीतरी विचारलं होतं. क्लेमला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कष्ट करणारा दिसला की त्याला राहवायचं नाही. सकाळच्या सुट्टीत नदीच्या धक्क्यावर बसून मटण पाय, म्हणजे मटणाचं सारण भरलेली भट्टीतली कचोरी, खाताना तो बोलायचा. त्यातला एक धडा असा.

"पट्टी बघू नकोस," क्लेम म्हणाला. "सगळे पट्टी बघतात आणि तिथेच मारत बसतात. पट्टी कोण बांधतं? आमच्याकडे मालीशवाला वॉली बांधतो. वॉली खोटं बांधू शकतो. तू माणूस उठताना बघ. कुठला हात टेकतो, कुठला पाय आधी घेतो. तिथे खोटं बोलता येत नाही."

मग त्यानं रॉय इन्स्किपची गोष्ट सांगितली. इन्स्किप हा नदीपलीकडच्या क्लबाचा चांगला पळणारा गडी. अडुसष्ट साली त्याच्या डाव्या गुडघ्याला जाडजूड पट्टी असायची. सामन्याच्या तीन दिवस आधी क्लेमनं त्याला बसमधून उतरताना पाहिलं. इन्स्किप उजवा पाय जपून, दांडा धरून उतरला. रविवारी क्लेमनं त्याचा पट्टी नसलेला उजवा गुडघा धरला. अंगावर झेपावून पाडायचे दोनच टॅकल लागले. इन्स्किप त्यानंतर कधी खेळला नाही. आता तो स्टेशनबाहेर स्टुलावर बसून पेपर विकतो. क्लेम रोज त्याच्याकडूनच पेपर घ्यायचा.

"तो काही म्हणत नाही?" लेनीनं विचारलं.

"म्हणतो ना. 'आठ सेंट' म्हणतो."

लेनी हसला. क्लेमही हसला. अ‍ॅथॉलनं शिट्टी वाजवली आणि दोघं उठले.

त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये क्लेमचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला. टॅकल करताना हात मागे राहिला आणि हाड खोबणीतून बाहेर आलं. स्टँडखाली वॉली पीकनं त्याला जमिनीवर झोपवलं, काखेत टाच रोवली आणि हात ओढला. वॉली डॉक्टर नव्हता. तो पूर्वी घोड्यांच्या तबेल्यात मालीश करायचा. हाड आत गेलं. डॉक्टरला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. त्यानंतर खांदा आणखी तीनदा निखळला. दोनदा मैदानात आणि एकदा मासळीच्या दुकानापाशी, पिंपाला हात घालताना. तिसऱ्या वेळी क्लेमनं भिंतीला टेकून तो स्वतःच बसवला, आणि तेवढ्यात गाडी चार फाटकं पुढे गेली होती. ती चार पिंपं त्यानं धावून भरून काढली, डाव्या खांद्यावर.

त्या दिवसापासून तो डाव्या खांद्यावर पिंप घेऊ लागला. अ‍ॅथॉलनं आरशात पाहून भुवई उचलली. स्क्रममधल्या रेटारेटीसाठी डावी बाजू तयार करतोय, असं क्लेमनं सांगितलं. अ‍ॅथॉलनं शिट्टी वाजवली. त्यानंतर एक झालं. मासळीच्या दुकानाचं पिंप आणि खाटकाच्या राखेचं पिंप, ही दोन जड पिंपं क्लेमच्या बाजूची होती. लेनी रस्ता ओलांडून यायचा आणि ती उचलायचा. न विचारता. क्लेमला बरं वाटलं. पोराला आपण माणूस केलं, असं तो त्या रात्री बायकोला म्हणालासुद्धा.

क्लेम एकतीस वर्षांचा झाला होता. पुढच्या वर्षी क्लब त्याला ठेवणार नाही, हे त्याला कळत होतं. त्या वयाच्या खेळाडूला आमच्याकडे एकच चांगली वाट असते. आतल्या भागातलं एखादं गाव त्याला कप्तान आणि कोच म्हणून नेतं. गाव घर देतं, हलकी नोकरी देतं आणि तीन-चार हंगाम त्याला खेळवतं. कुरांबीन नावाच्या गव्हाच्या गावाचं पत्र जुलैत आलं. घर, मागे पावसाच्या पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, आणि गव्हाच्या वजनकाट्यावर बसून करायची नोकरी. बसून करायची, हे क्लेमनं पत्रात दोनदा वाचलं. त्याची बायको नोएलीन हिनं उलट टपाली खिडक्यांची मापं मागवली आणि पडदे शिवायला घेतले. टॅनरी पॉइंटला तिनं खिडक्यांना कधी पडदे लावले नव्हते. कारखान्याचा वास कापडात बसतो आणि धुऊनही जात नाही. ताटं-कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून चहाच्या खोक्यांत गेल्या.

पण पत्रात एक अट होती. गावाला बसून ओरडणारा कोच नको होता, खेळणारा हवा होता. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला गावची दोन माणसं येणार होती. क्लेम ऐंशी मिनिटं कसा खेळतो ते बघणार आणि मग सही करणार. शेवटचा सामना विटभट्टीवाल्यांशी होता.

सामन्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ती दोन माणसं त्याला पबमध्ये भेटली. एक गव्हाच्या गोदामाचा मॅनेजर होता, तो नुसता प्यायचा. दुसरा कीओ नावाचा खाटीक. त्यानं क्लेमचा हात हातात घेतला तो लवकर सोडला नाही. बाजारात जनावर बघतात तसं त्यानं मनगटापासून कोपरापर्यंत चाचपलं आणि कोपरापाशी थांबला. खांद्यापर्यंत जाणं बरं दिसलं नसतं.

"आमच्याकडे मैदानात गवत नाही, हॅगर्टी," कीओ म्हणाला. "नांगरलेल्या शेतात पडल्यासारखं आहे. हाडं कशी आहेत?"

"जिथे होती तिथेच आहेत," क्लेम म्हणाला.

कीओ हसला. ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर त्यानं दुकानाचा फोन नंबर लिहून दिला. काही लागलं तर कळवा, म्हणाला. क्लेमनं तो पुठ्ठा पाकिटात ठेवला. घरी आल्यावर नोएलीननं विचारलं, माणसं कशी आहेत. हात दाबून बघणारी, क्लेम म्हणाला. पण लिंबाचं झाड खरंच आहे.

रविवारी वॉलीनं आपली सगळी कला पणाला लावली. क्लेमच्या धडधाकट डाव्या खांद्यावर त्यानं पांढऱ्या पट्टीचे सात थर चढवले, एक टोक जर्सीच्या गळ्यातून मुद्दाम बाहेर राहील असे. दुखऱ्या उजव्या खांद्याला फक्त तेल चोळलं, तेही वास येऊ नये म्हणून थोडं.

"हात कानाच्या वर नेऊ नकोस," वॉली म्हणाला. "बाहेर आला तर मी आहे. पण प्रत्येक वेळी बसेलच असं नाही."

"आज बसव. उद्या तोडून टाक."

पहिली दहा मिनिटं विटभट्टीवाल्यांच्या प्रत्येक गड्यानं डाव्या खांद्यावरच घाव घातले. पट्टी बघून सगळे तिकडेच धावत होते. क्लेम मनात खूश होता. प्रत्येक टॅकलनंतर तो तोंड वाकडं करत होता आणि डावा खांदा चोळत होता. नाटक त्याला बरं जमायचं.

अकराव्या मिनिटाला लेनी आला. उजवीकडून, खाली वाकून, पूर्ण धावत. हातानं नाही, अंगानं. नियमात बसणारा, स्वच्छ टॅकल. क्लेमच्या उजव्या खांद्यात आग उठली. तो पडला, टाचेनं चेंडू मागे ढकलला आणि उठायला लागला. लेनी उभा होता. त्यानं हात पुढे केला, उठवायला. उजवा हात. समोरच्यानं उजवाच हात द्यावा असा.

क्लेमनं डावा हात दिला.

लेनीनं त्याला उठवलं आणि आपल्या जागेवर गेला. तेव्हा क्लेमला कळलं. हात टेकतो कुठला, देतो कुठला. आपण धक्क्यावर बसून शिकवलं होतं ते.

गाडीवरचं गाडीवर, हा नियम लेनीनं मोडला नाही. त्यानं आपल्या एकाही गड्याला काही सांगितलं नाही. बाकीचे शेवटपर्यंत डाव्याच खांद्यावर मारत राहिले. उजवा त्यानं एकट्यानं घेतला. अकरावं मिनिट, सोळावं, एकोणिसावं, पंचविसावं. पंचविसाव्या मिनिटाला हाड बाहेर आलं. क्लेमनं हात पोटाशी धरला आणि गुडघ्यावर बसला. वॉली पाण्याची बाटली घेऊन धावत आला, पाणी पाजण्याचं निमित्त करून त्याच्या मागे बसला, आणि जर्सीखालून हात घालून हाड आत ढकललं. टक् असा आवाज झाला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. स्टँडमधल्या लोकांना वाटलं, हॅगर्टी पाणी प्यायला.

मध्यंतरात वॉली म्हणाला, आता पट्टी उजव्या खांद्यावर घेऊ, निदान धरून तरी ठेवील. क्लेम नको म्हणाला. पट्टी हलली तर खाटकाला दिसेल.

दुसऱ्या अर्ध्यात तो कसा खेळला हे सांगायला हवं, कारण नंतर ते कुणी सांगितलं नाही. एकोणीस टॅकल केले, सतरा डाव्या हातानं आणि दोन डोक्यानं. अकरा वेळा चेंडू घेऊन घुसला. दर टॅकलनंतर मागे आपल्या फळीच्या रेषेवर परत येताना एकदाही चालला नाही, धावतच आला. दोनदा हाड पुन्हा सुटलं. एकदा वॉलीनं बसवलं, आणि एकदा स्क्रममध्ये शेजारच्या गड्याच्या पाठीवर दाबून त्यानं स्वतःच बसवलं. लेनीनं आणखी चारदा मारलं. त्यातल्या शेवटच्या वेळी लेनी फार खाली आला आणि क्लेमचं सगळं वजन लेनीच्या डाव्या गुडघ्यावर पडलं. गवताखालून ओली फांदी मोडावी तसं काहीतरी क्लेमला ऐकू आलं. लेनी उठला. सरळ उभा राहिला, दोन पावलं सरळ टाकली. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती. क्लेमनं ते पाहिलं.

क्लेमचा संघ सामना चौदा-नऊ असा हरला. पण क्लेम ऐंशी मिनिटं उभा होता. अट हरण्या-जिंकण्याची नव्हती, उभं राहण्याची होती.

कीओ स्टँडखाली आला तेव्हा क्लेम बाकावर बसला होता. वॉलीनं डाव्या खांद्यावरची पट्टी सोडायला घेतली होती. कीओनं टोपी काढली. असा माणूस आपण गावात पाहिलेला नाही, असं तो म्हणाला आणि ते मनापासून म्हणाला. मग तो बाकावर क्लेमच्या उजव्या बाजूला बसला.

"पंचविसाव्या मिनिटाला तुमच्या माणसानं हा खांदा एका ढकलण्यात बसवला," कीओ म्हणाला. "मी तीस वर्षं सांधे सोडवतोय, हॅगर्टी. पहिल्यांदा निखळलेला खांदा असा बसत नाही. दोन माणसं लागतात आणि ओरडणं ऐकू येतं. तुमचा खांदा दारासारखा उघडतो-मिटतो."

क्लेमनं वॉलीकडे पाहिलं. वॉली पट्टी गुंडाळत राहिला.

"मी ऐंशी मिनिटं खेळलो," क्लेम म्हणाला.

"खेळलात. पण मला तशी ऐंशी मिनिटं दर सामन्याला हवीत. तीन हंगाम." कीओ उठला. टोपी हातात फिरवत थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला उजवीकडून मारणारा तो पोरगा कोण? बाकीचे पट्टीला फसले. त्याला कसं कळलं?"

क्लेम डाव्या हातानं बूट सोडायला वाकला. वॉलीनं नाव सांगितलं. वॉलीला त्यात काही वाईट वाटलं नाही. नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेलंच होतं.

सोमवारी क्लेम गाडीवर आला. उजवा हात सदऱ्याच्या आत बांधलेला होता. न येणं परवडणारं नव्हतं. बाजू एकदा दुसऱ्याला दिली की परत मिळत नाही. अ‍ॅथॉलनं त्याला बघितलं आणि केबिनचं दार उघडलं. बस म्हणाला. लेनी दोन्ही बाजू धावेल.

लेनी दोन्ही बाजू धावला. सातशे पिंपं. क्लेम आरशातून बघत होता. कामात खोट काढायला जागा नव्हती. पिंप परत ठेवताना झाकणसुद्धा लावत होता. फक्त उतारावरच्या गल्लीत, फाटकाच्या तीन पायऱ्या उतरताना, तो उजवा पाय आधी टाकायचा आणि डावा त्याच पायरीवर आणून टेकवायचा. लहान मूल उतरतं तसा. चढताना नाही. फक्त उतरताना.

सकाळच्या सुट्टीत धक्क्यावर दोघं बसले. लेनीनं दोन मटण पाय आणले होते. क्लेमला एका हातानं खाता यावं म्हणून त्यातला एक मधून कापून आणला होता.

"कुरांबीनवाले रात्री घरी आले होते," लेनी म्हणाला. "बाबाच्या दुकानात बसले. मला देतायत ते. तीन वर्षं, घर आणि काटा. शनिवारी जायचंय, गाव बघायला आणि सही करायला."

"तुझं वय तेवीस आहे."

"म्हणूनच म्हणाले. जमलं तर पुढे सहा वर्षं ठेवू म्हणाले."

क्लेमनं घास गिळला. "ते मला बघायला आले होते, हे तुला माहीत होतं?"

"तूच सांगितलंस. मासळीच्या दुकानापाशी. लिंबाच्या झाडासकट."

"आणि तरी मारलंस."

"पट्टी नव्हती तिथे मारलं," लेनी म्हणाला. "तू शिकवलंस तिथे." मग म्हणाला, "न मारता खेळलो असतो तर तू मला काय म्हणाला असतास, म्हाताऱ्या? खरं सांग."

क्लेमला उत्तर माहीत होतं. अंगचोर म्हणाला असता. त्यानं उरलेला मटण पाय पाण्यात टाकला. सीगल पक्षी त्यावर तुटून पडले.

घरी नोएलीननं खोकी सोडली नव्हती. तिला वाटत होतं, दुसरं एखादं गाव लिहील. तिनं एक पडदा स्वयंपाकघराच्या खिडकीला धरून पाहिला. तो हातभर लांब झाला. क्लेम दारात उभा राहून ते बघत होता. तो पडदा घडी करून तिनं परत खोक्यात ठेवला, वर कपडा घातला आणि म्हणाली, लेनी आता त्या घरात जाईल, त्याचं लग्न झालं की काहीतरी द्यायला लागेल, तर हेच देऊ. खिडक्या त्याच आहेत. ती रडली नाही. क्लेमला बोललीही नाही. तिनं ते साधेपणानं म्हटलं, आणि क्लेमला तेच सहन झालं नाही.

बुधवारी दुपारी तो कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यात गेला. पाकिटातला पुठ्ठा काढला. डाव्या हातानं नाणी टाकायला वेळ लागत होता. ऑपरेटर बाई दोनदा म्हणाली, आणखी टाका. मग पलीकडे करवतीचा आवाज आला, आणि तो थांबला.

"कीओ."

"झामिटला जिना उतरायला लावा," क्लेम म्हणाला. "चढायला नको. उतरायला. डावा गुडघा बघा."

पलीकडे करवत खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय?" कीओनं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "बरं, हॅगर्टी. तुम्ही दोघं एकमेकांना नीट ओळखता."

बारा वर्षं कुणी न मोडलेला नियम असा एका दुपारी मोडला गेला. क्लेम खोक्याबाहेर आला, स्टेशनवर गेला आणि रॉय इन्स्किपकडून पेपर घेतला. इन्स्किप आठ सेंट म्हणाला. क्लेमच्या खिशात आठ सेंट उरले नव्हते. उद्या दे, इन्स्किप म्हणाला.

शनिवारी कुरांबीनमध्ये काय झालं ते आमच्याकडे नंतर कळलं. लेनीला घर दाखवलं, झाड दाखवलं. मग कीओ त्याला गव्हाच्या कोठारावर घेऊन गेला, गाव वरून छान दिसतं म्हणून. बाहेरून लोखंडी जिना होता, चाळीस पायऱ्या. वर जाईपर्यंत दोघं गप्पा मारत होते. उतरताना कीओ पुढे उतरला, खाली थांबला आणि वर बघत राहिला. लेनी पहिल्या दहा पायऱ्या नीट उतरला. दात खाऊन उतरला असणार. अकराव्या पायरीवर त्यानं कठडा धरला. कीओनं त्याला जेवायला घातलं, चांगलं मटण घातलं, आणि संध्याकाळच्या आगगाडीत बसवून दिलं. गावानं पुढे दुसऱ्याच क्लबाचा कुणीतरी नेला.

सोमवारी लेनी गाडीवर आला. डेपोत गाडी सुरू व्हायच्या आधी तो क्लेमसमोर उभा राहिला. अ‍ॅथॉल बाजूलाच टायरला लाथ मारून बघत होता. मारामारी होणार, असं डेपोतल्या सगळ्यांना वाटलं आणि दोन-तीन जण जवळ सरकले.

"ट्रंक कॉल कितीला पडला?" लेनीनं विचारलं.

"खिशात होते तेवढे गेले."

लेनीनं मान हलवली. किंमत बरोबर लागली, अशा अर्थानं. "उतरताना ना?" तो म्हणाला.

"उतरताना."

"मला वाटलं होतं, पायऱ्या तुझ्या लक्षात आल्या नसतील."

"तू नाडी बांधलीस तेव्हाच आलं होतं."

अ‍ॅथॉलनं तोंडातली शिट्टी काढली. तो क्वचित बोलायचा, म्हणून सगळे ऐकायला थांबले. "एकाला खांदा नाही, एकाला गुडघा नाही," तो म्हणाला. "दोघं मिळून एक माणूस होतो. पगार मात्र नगरपालिकेला दोघांचा द्यावा लागतो. चढा."

दोघं चढले. विटभट्टीवाल्यांनी लेनीला आणखी एक हंगाम खेळवला. मग गुडघा पूर्ण गेला. क्लेमला क्लबनं घड्याळ दिलं आणि नाव फळ्यावर लिहिलं, इतर सतरा नावांच्या खाली. गाडीवर मात्र ते पुढची सहा वर्षं बरोबर होते. क्लेम डाव्या खांद्यावर पिंप घेऊन धावायचा आणि ज्या फाटकांना पायऱ्या नाहीत ती बाजू लेनी घ्यायचा. पायऱ्यांची घरं क्लेमकडे, मासळीचं आणि राखेचं पिंप लेनीकडे. हे त्यांनी कधी बोलून ठरवलं नाही. अर्ध्या माणसांनी पूर्ण काम केलं. गाडी एकदाही दहाच्या पुढे डेपोत आली नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

पण ते एकमेकांशी बोलायचे नाहीत. सहा वर्षांत कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही. धक्क्यावर एक या टोकाला बसायचा, एक त्या टोकाला. नोएलीननं ते पडदे शेवटी कापून इथल्या मापाचे केले आणि लावले. चामड्याचा वास त्यांत पहिल्याच उन्हाळ्यात बसला.

नाताळच्या आठवड्यात, भर उन्हाळ्यात, लोक आमच्याकडे पिंपाच्या झाकणावर कचरावाल्यांसाठी बिअरची बाटली ठेवतात. मोठी, गार, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पद्धत अशी की रस्ता संपल्यावर दोन्ही बाजूंच्या बाटल्या एकत्र करायच्या आणि धक्क्यावर मिळून प्यायच्या. क्लेम आणि लेनीच्या बाटल्या अ‍ॅथॉलच मोजून निम्म्या-निम्म्या करायचा, कारण त्यांना एकमेकांचा भरवसा नव्हता. एका वर्षी एक बाटली जास्त झाली. अ‍ॅथॉलनं ती धक्क्याच्या मधोमध ठेवली आणि निघून गेला. दोघंही ती बाटली दुसरा उचलतो का, आणि कुठल्या हातानं, कुठल्या पायावर उठून उचलतो, हे बघत बसले. ऊन चढलं. बिअर गरम झाली. शेवटी दोघं घरी गेले, आणि बाटली तिथेच राहिली.